आहेरासाठी नाही, रस्त्यासाठी

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी लग्नाला यायचं म्हणजे शेवटचा टप्पा फोनवर बोलत बोलत गाठायचा, अशीच वर्षानुवर्षांची रीत. चिपळूणहून मार्गताम्हाणे, शृंगारतळीपर्यंत सगळे बिनचूक येतात. तिथून गावाकडे वळलं की सुरू होतं : ‘वडाचं झाड गेलं का? मग मागे या.’ चुलतबहिणीचं लग्न मे महिन्यात गावच्या घरीच, खळ्यात मांडव घालून करायचं ठरलं. मुंबई, पुणे, दापोली, रत्नागिरी अशा चारी बाजूंनी गाड्या येणार होत्या. मी ठाण्यात हिशेबाचं काम करते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते. एवढ्या पात्रतेवर रस्ता दाखवायचं खातं माझ्या गळ्यात पडलं.

आमच्याकडच्या जुन्या पत्रिकांवर मागच्या बाजूला प्रेसवाल्याने काढलेला नकाशा असायचा. दोन समांतर रेघा म्हणजे रस्ता, त्रिकोणावर झेंडा म्हणजे देऊळ, आणि बाण काढून ‘लग्नस्थळ’. त्यात चिपळूण ते आमचं गाव एक इंच आणि देऊळ ते आमचं घर तेही एक इंच. त्याच्या जागी क्यूआर कोड छापू, असं मी सुचवलं तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, कारण कोणाला त्यात काम दिसलं नाही. मलाही वाटलं होतं, संध्याकाळभराचं प्रकरण आहे.

कोड बनवायला खरंच मिनिटभर लागतं. बाकी सगळा वेळ गेला तो कोडच्या आत काय भरायचं, यात.

पहिला प्रश्न पिन कुठे टाकायचा. नकाशात घराचं कौल शोधलं, बोट दाबून धरलं, लाल पिन आला. मग त्या पिनकडे जाणारी वाट मागितली तर नकाशाने गाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर नेली. आमचं घर उताराच्या मधोमध आहे. वर सडा, त्यावरून जाणारा डांबरी रस्ता. खाली देऊळ, पालखीची सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा, आणि सहाणेच्या पटांगणापर्यंत येणारा सिमेंटचा रस्ता. सरळ रेघ मारली तर सड्यावरचा रस्ता घराला जवळचा. पण मधे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, तीही अर्धी सुटलेली. नकाशा काय करतो, पिनपासून हाकेच्या अंतरावर जो रस्ता सापडेल त्यावर गाडी आणून सोडतो आणि ‘पोचलात’ म्हणतो. चढउताराशी त्याला देणंघेणं नाही. शालू नेसलेल्या बायका आणि गुडघे दुखणारे आजोबा सड्यावर उतरले असते, खाली मांडव दिसला असता, सनई ऐकू आली असती, आणि अक्षता पडेपर्यंत ते पाखाडीच उतरत राहिले असते.

म्हणून पिन पटांगणात टाकायचा ठरवला. काकांना हे पटेना. ‘पत्ता घराचा देतात गो, सहाणेचा कोण देतं?’ त्यांचंही बरोबर होतं, पत्रिकेवर पत्ता घराचाच जायला हवा. पण पत्ता माणसासाठी असतो आणि पिन गाडीसाठी. गाडी जिथे लावायची तिथे पिन, आणि पुढचं चालणं शब्दांत, एवढी तडजोड झाली. पटांगणातून घर थोड्याच अंतरावर आहे, मांडव समोर दिसतो, त्यामुळे शब्दही फारसे लागले नाहीत.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा फोन घेऊन पटांगणात उभी राहिले. माडांखाली उभं राहिलं की नकाशातला निळा ठिपका आपल्याभोवती मोठं वर्तुळ पसरून बसतो. मोकळ्यावर आलं की ते आवळत जातं. उघड्या आकाशाखाली साधारण फोन पाचेक मीटरपर्यंत जागा बरोबर सांगतो, झाडाखाली किंवा भिंतीला खेटून तेवढं नाही. मोकळ्यावर घेतलेला बिंदू मग उपग्रहाच्या चित्रावर ताडून पाहिला. सहाणेचा चौथरा चित्रात स्पष्ट दिसतो, त्याच्या शेजारीच ठिपका होता.

अक्षांश-रेखांशांचे आकडे कॉपी केले की दशांशचिन्हापुढे शेपटीसारखे लांबच लांब आकडे येतात. ते सगळे ठेवायची गरज नसते. चार स्थळं ठेवली तर अकरा-एक मीटरची बारकाई मिळते, पाच ठेवली तर मीटरभराची. गाडी लावायला मीटर पुष्कळ झाला. मी पाचवर कापलं. क्रमही सांभाळायला लागतो, आधी अक्षांश, मग रेखांश. आमच्या भागाचा अक्षांश 17च्या पुढे, रेखांश 73च्या पुढे. उलटे लिहिले तरी नकाशा कुरकुरत नाही. तो निमूटपणे नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात पिन रोवतो. मुद्दाम करून पाहिलं आणि भावाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, ‘वऱ्हाड बोटीने आणायचं का?’

आता दुवा, म्हणजे लिंक. गूगल मॅप्सच्या शेअर बटणाने मिळतो तो आखूड दुवा असतो, त्यात जागा कुठली ते वाचून कळत नाही. तसला छापून टाकायला मन धजेना. गूगलने दुवा हाताने लिहायची पद्धत जाहीर करून ठेवली आहे. त्यात ‘दिशा’ म्हणून एक प्रकार आहे : पोचायचं ठिकाण म्हणून आकडे लिहायचे आणि सुरुवातीची जागा रिकामी सोडायची. मग जो कोणी उघडेल त्याच्या फोनला तो स्वतः उभा असेल तिथून वाट काढता येते. कल्याणचा पाहुणा कल्याणहून, कराडचा कराडहून. पुण्याच्या मंडळींपैकी कोणी उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरणार, कोणी ताम्हिणीने कोकणात येऊन मुंबई-गोवा महामार्ग धरणार. प्रत्येकाला वेगळा नकाशा द्यायची गरज उरली नाही. जुन्या कागदी नकाशाला हे कधी जमलं नसतं, आणि मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातला खरा फायदा एवढाच.

त्याच दुव्यात मधले थांबेही घालता येतात. शृंगारतळी थांबा म्हणून घातली की चिपळूणहून येणारा माणूस मोठ्या रस्त्याने येतो, कुठल्या तरी वाडीतल्या बोळात शिरत नाही. पण दापोलीची मंडळी दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवून धोपाव्याला उतरतात, रत्नागिरीची जयगडहून तवसाळला. त्यांना उगाच शृंगारतळीला हेलपाटा कशाला? शिवाय दुवा लांबला की कोडही गच्च होतो. थांबा काढून टाकला आणि चिपळूणवाल्यांसाठी पत्रिकेत एक ओळ वाढवली. फेरीबोटीचीही ओळ घालायला लागली, कारण नकाशा खाडीवर तुटक रेघ काढून मोकळा होतो, आणि रात्रीची शेवटची बोट गेली की ती रेघ धक्क्यावर उभ्या असलेल्याच्या काही कामाची नसते.

दुवा लांबला की कोड गच्च होतो म्हणजे काय, ते आकड्यांत सांगते. क्यूआर कोडच्या ठरावीक मापांच्या चाळीस आवृत्त्या आहेत. सगळ्यात लहान 21 बाय 21 चौकड्यांची, सगळ्यात मोठी 177 बाय 177. माझा दुवा सत्तरेक अक्षरांचा, तो 37 बाय 37मध्ये बसला. ‘गाडीने’ असं प्रवासाचं साधन जोडलं की 41 बाय 41. नुसते आकडे घालायचीही एक रीत आहे, ‘जिओ’ असं लिहून पुढे अक्षांश-रेखांश. ते वीसेक अक्षरांत उरकतं आणि कोड 25 बाय 25चा सुटसुटीत होतो. मला तोच आवडला होता. पण घरातल्या फोनांवर लावून पाहिला तर एकाने नकाशा उघडला, एकाने कुठलं ॲप वापरू विचारलं, आणि आत्याच्या फोनने नुसता मजकूर दाखवून हात वर केले. पाहुण्यांच्या फोनांची परीक्षा लग्नाच्या दिवशी घेण्यात अर्थ नव्हता. मग आपला सत्तर अक्षरांचा दुवाच बरा.

कोड तयार करायचा सोपा मार्ग क्रोम ब्राउझरमध्येच आहे, पानाच्या शेअर यादीत. पण त्या कोडच्या मधोमध पिटुकला डायनॉसोर असतो. श्रीगजानन प्रसन्न, कुलदेवता प्रसन्न, आणि खाली डायनॉसोर! फुकट कोड बनवून देणाऱ्या साइटी रग्गड आहेत, पण त्यातल्या काही तुमचा दुवा कोडमध्ये घालतच नाहीत. स्वतःचा आखूड दुवा घालतात आणि तिथून तुमच्याकडे वळवतात. मुदत संपली की छापलेला कोड ‘वर्गणी भरा’ म्हणणाऱ्या पानावर नेऊन सोडतो. ओळखायचं कसं, तर कोड स्कॅन करायचा, उघडायचा नाही, आधी वर दिसणारा दुवा वाचायचा. आपण लिहिलेलीच अक्षरं दिसली तर तो कोड कायमचा आपला. वळवणारे कोड वाईट असतात असं मी म्हणत नाही. छापल्यावर ठिकाण बदललं तर आतला पत्ता बदलता येतो, ही सोय मोठी आहे. पण आमचं घर काही हलणार नव्हतं. मी इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये बनवला. तो रेषांच्या रूपात राहतो, कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत.

यानंतर गाठ प्रेसची.

पत्रिका गर्द मरून रंगाची, वर सोनेरी फॉइलची छपाई. डिझाइनरने कोडही सोनेरी केला, मरूनवर. दिसायला देखणा, पण वाचायला एकही फोन तयार नाही. कोड वाचणाऱ्याची अपेक्षा असते फिकट पार्श्वभूमीवर गडद चौकड्यांची. उलटं केलं की काही फोन सांभाळून घेतात, काही नाही. फॉइल तर दिव्याखाली आरशासारखं चमकतं. शेवटी आतल्या पानावर पांढरा चौकोन आणि साधी काळी शाई, यावर मी अडून बसले. दुसऱ्या प्रुफात चौकोन आला, पण कोडच्या थेट कडेपर्यंत वेलबुट्टी आणून भिडवलेली. कोडभोवती चार चौकड्यांएवढी कोरी जागा लागते, नाहीतर कोड कुठे सुरू होतो तेच फोनला समजत नाही. वेलबुट्टी मागे सरली. मग सूचना आली, ‘ताई, मधोमध गणपती बसवू का? हल्ली सगळे बसवतात.’ बसवता येतो, ते खरं. कोडमध्ये माहिती जादा भरून ठेवलेली असते, म्हणजे थोडा भाग झाकला तरी उरलेल्यावरून हिशेब लागतो. या जादा माहितीचे चार स्तर आहेत, साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के नुकसान सोसणारे. गणपती बसवायचा तर सगळ्यात वरचा स्तर घ्यावा लागला असता, आणि माझा 37चा कोड 49 बाय 49 झाला असता. तेवढ्याच जागेत चौकड्या आणखी बारीक. गणपती पत्रिकेच्या माथ्यावर आहेच, तिथेच राहू दे म्हटलं.

हे नुकसान सोसण्याचं गणित मुळात कारखान्यासाठी होतं. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड तयार केला तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. तिथे तेल-काजळी लागणारच. आमच्याकडे तेलाची जागा हळदकुंकवाने घेतली. पत्रिका द्यायच्या आधी काकू तिच्या चारही कोपऱ्यांना बोट टेकवते. आणि प्रेसवाल्याने कोड ठेवला होता नेमका कोपऱ्यात. चौकड्यांवर चार डाग पडले तर हरकत नाही, पण कोडच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन फोन सगळ्यात आधी शोधतो. त्यांच्यावर ओलं कुंकू फासलं गेलं की जादा माहिती असून उपयोग नाही, कारण इथे कोड आहे हेच त्याला कळत नाही. काकूला ‘या कोपऱ्याला लावू नकोस’ सांगण्यापेक्षा कोड आत सरकवणं सोपं होतं.

एवढं सगळं झाल्यावर काकांनी शेवटचं प्रूफ हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘काय गो, पैसे मागतेस काय पत्रिकेवर?’

मी पाहिलं. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ, आणि तिच्या बरोबर खाली कोड. कोणीही हेच वाचलं असतं की आणू नये, इथे पाठवावा. 2016 ला यूपीआय आल्यापासून नारळवाल्यापासून देवळाच्या दानपेटीपर्यंत जिथे तिथे हा चौकोन पैशांसाठीच चिकटवलेला दिसतो. तो रस्त्यासाठीही असू शकतो, हे आपल्या डोळ्यांना सांगावं लागतं. नुसता गैरसमज असता तर हसून सोडलं असतं. पण कित्येक जण चौकोन दिसला की पैशांचं ॲपच उघडतात. आत्याने माझ्यासमोर तेच केलं, आणि ॲपने हा कोड चालत नाही असं सांगितल्यावर ‘तुझा कोड बिघडलाय’ म्हणून पत्रिका परत केली. मग कोड उचलून विवाहस्थळाच्या पत्त्याशेजारी नेला, डोक्यावर ठळक अक्षरांत ‘लग्नघरी येण्याचा रस्ता’ आणि खाली ‘फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करावा’. कोडची बाजू अडीच सेंटिमीटर ठेवली. हातात धरलेल्या कागदाला तेवढी पुरते. त्याखाली प्लस कोडही छापला, म्हणजे काही अक्षरं, अधिकचं चिन्ह आणि गावाचं नाव. ज्याचा कॅमेरा दगा देईल त्याने तो नकाशाच्या शोधपट्टीत टाइप करावा. चौदा-एक मीटरच्या चौकोनापर्यंत तो नेतो. टपाल खात्याने 2025 मध्ये आणलेला डिजिपिन याहून नेटका आहे, चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरं. पण आमच्या पाहुण्यांत तो कुठे टाकायचा हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि पत्रिका ही शिकवणी घ्यायची जागा नव्हे.

पत्रिका वाटायला सुरुवात झाली तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली, आणि ती छपाईच्या सगळ्या कटकटींहून मोठी होती. छापील पत्रिका जवळच्यांनाच, बाकी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर फोटो. आता ज्या फोनवर पत्रिका आली त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तिच्यावरचा कोड कसा स्कॅन करणार? फोटोतून कोड वाचायची सोय बऱ्याच फोनांत असते, पण ती कुठे दडलीय हे साठीच्या माणसाला दोन वाक्यांत सांगून दाखवा. बरं, फोटो पुढे पाठवत पाठवत चुरगळल्यासारखा होतो, बारीक चौकड्या एकमेकींत मिसळतात. म्हणून फोटोच्या खाली तोच दुवा अक्षरांत पाठवायचा नियम केला. त्यावर बोट टेकवलं की झालं. खरं सांगायचं तर कोडपेक्षा या दुव्यानेच जास्त माणसं आणली असतील. कोड कागदावर हवा. फोनवर दुवा असताना कोड म्हणजे निव्वळ शोभा.

दुव्यासोबत आणखी दोन ओळी जायच्या. एक, घरून निघतानाच दुवा उघडून वाट काढून ठेवा, कारण घाटात आणि आमच्या खालच्या वाडीत रेंज जाते. वाट आधी काढलेली असली की फोन बहुधा ती धरून ठेवतो. नव्याने शोधायची म्हटलं तर नेट लागतं. दुसरी ओळ रेल्वेने येणाऱ्यांसाठी : चिपळूण स्टेशनला उतरून एसटी कुठून धरायची आणि कोणाला फोन करायचा. त्यांना गाडीचा नकाशा देऊन काय करायचं होतं?

आदल्या दिवशी भावाने कोड मोठा छापून शृंगारतळीच्या एका चहाच्या टपरीवर, मालकाला विचारून, चिकटवला. सगळी वऱ्हाडं तिथे चहाला थांबतातच. टेबलापलीकडून स्कॅन व्हायला हवा म्हणून वीतभर मोठा केला होता. ढोबळ हिशेब असा की जितक्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी कोडची बाजू. गावातल्या फाट्यांवर मात्र कोड लावायचा नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. वळणावर गाडी थांबवून फोन कोण काढणार? तिथे विजेच्या खांबांना नेहमीसारखे पुठ्ठ्याचे बाण, वर मुलाचं आणि मुलीचं नाव. चालत्या गाडीतून बाणच वाचता येतो.

लग्नाच्या दिवशी फोन वाजायचे थांबले नाहीत, पण प्रश्न बदलला. ‘रस्ता कुठला’च्या जागी ‘पोचलो, गाडी कुठे लावू’ आला. मंडपवाल्याचा टेम्पो, केटररची गाडी, भटजी, सगळे सरळ पटांगणात. सड्यावर गेले ते एकच पाहुणे. त्यांनी ना कोड स्कॅन केला ना दुवा उघडला, गावाचं नाव बोलून नकाशाला विचारलं आणि आधी तर शेजारच्या तालुक्यातल्या त्याच नावाच्या वाडीकडे निघाले होते. रत्नागिरीची एक गाडी तवसाळच्या बोटीला थोडक्यात चुकली आणि पुढच्या बोटीने आली. त्यावर कोडकडे उपाय नव्हता. पत्रिकेतली फेरीबोटीची ओळ त्यांनी वाचलीच नव्हती.

पत्रिका उरल्या त्या घरात पडून आहेत आणि काकांनी त्यांना वेगळंच काम लावलं आहे. कुरिअरवाला फोन करून पत्ता विचारायला लागला की पत्रिकेचा फोटो काढून त्याला पाठवतात. फोटो कशाला, दुवा पाठवा, असं किती वेळा सांगितलं. पण त्यावर घराचं नाव छापलंय, म्हणतात.

गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येतील तेव्हा हाच कोड चालेल, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं आहे. तो चालणार नाही. पटांगण मातीचं आहे, भाद्रपदात तिथे गाडी लावली तर चाकं रुततील आणि ढकलायला अख्खी वाडी लागेल. पावसात गाड्या शाळेपाशी लावायच्या असतात. त्यासाठी वेगळा पिन, वेगळा कोड. शाळेच्या फाटकासमोरचे आकडे घेऊन ठेवलेत, फाटकाजवळच्या चिंचेखाली मात्र ठिपका अजून हलतोय, ते पुन्हा मोकळ्यावर उभं राहून घ्यायला लागतील.